मशीनच्या पुस्तकावरचा गणपती

आमच्या घरात भांडण चुलीच्या आधी पेटायचं. मखमलाबादच्या मळ्यात घर, आणि घराच्या चारी अंगाला फुलं. झेंडू, शेवंती, बिजली. ज्यांनी फुलं नुसती हारात बघितली त्यांना वाटतं, फुलवाल्याच्या घरात लय गोडीगुलाबी असंल. एकदा पहाटे यायला पाहिजे होतं त्यांनी. पाय दवानं गार पडलेले, झेंडूच्या देठांनी बोटं काळी, आणि नाना, म्हणजे माझे वडील, बांधावर उभे राहून सगळ्या खानदानाचा उद्धार करतायत. नाना माझ्याशी कधी बोलायचे नाय. माझ्याबद्दल बोलायचे, पण शेळीशी. "बघितलं का गं, साहेब उठले. साहेबांना आता चहा लागंल." शेळी त्यांच्याकडं बघायची, मग माझ्याकडं. नानांचं मला काय वाटायचं नाय. शेळीची नजर लागायची.

आई वेगळ्या पद्धतीनं भांडायची. ती तोंड उघडायची नाय, भांडी उघडायची. पातेलं आपटलं म्हणजे नानांना, तवा आपटला म्हणजे मला, आणि ताटातली भाकर करपल्या बाजूनं वर आली की समजायचं, आज आपण काय तरी केलंय. काय केलंय ते जेवताना आठवत बसायचं. शेंगदाण्याचा ठेचा मात्र ती भांडणाच्या दिवशीच भारी करायची. खलबत्त्यात राग काढायची ना. आजपण कुठं चांगला ठेचा खाल्ला की मला वाटतं, ह्या बाईचं घरात कोणाशी तरी वाजलेलं हाय.

शाळा मी सातवीत सोडली. सोडली म्हणतो ते माझ्या तोंडानं. गुरुजींची नक्कल करत होतो आणि गुरुजी मागं उभे होते. नक्कल एवढी बरी जमली होती की त्यांनी पूर्ण ऐकून घेतली, आणि मग मारलं. तिथनं माझं शिक्षण संपलं. पुढं मिशा फुटल्यावर अंबडच्या एका शेडमध्ये कामाला लागलो. तिथं द्राक्षबागेचे ब्लोअर बनायचे. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं मशीन: मोठी टाकी, खाली पंप, आणि मागच्या अंगाला माणसाएवढा पंखा, तो औषधाचं धुकं करून वेलीवर फेकतो. मी रंगखात्यात होतो. दिवसभर लाल रंगाची गन मारायची. घरी जायचो तेव्हा कानाच्या आतनं लाल. आई दारातच म्हणायची, "आलं माकड." नाना शेळीला म्हणायचे, "पुढनं पण लाल हाय गं."

आता लिहायचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगतो. निफाडकडचे, दिंडोरीकडचे बागायतदार मशीन न्यायला यायचे, तेव्हा शेठ त्यांना सगळं समजावून सांगायचे. शेठ समजावायला लागले की माणसं मान डोलवायची. मान डोलवणारं गिऱ्हाईक पंधरवड्यात मोडकं मशीन घेऊन परत येतं, हे मला रंगखात्यातनं दिसायचं. मग मी गन खाली ठेवून मध्ये तोंड घालायचो. पंप होऊन बोलायचो. "पाटील, मला पाणी पाजा वो, कोरडा पळवू नका, नायतर मी मेलो!" आणि घशातनं जळल्या पंपाचा आवाज काढायचो. लोकं हसायची. एक दिवस शेठनी बघितलं आणि म्हणाले, "दत्तू, हे तू बोलतो ना, हेच लिही. आपण पुस्तक छापू. प्रत्येक मशीनसोबत देऊ. जमलं तर तुला रंगातनं काढतो आणि टेबलावर बसवतो."

मला लिहिण्याचं काय पडलेलं नव्हतं. मला टेबल पाहिजे होतं. ऑफिसच्या खिडकीशी एक पत्र्याचं टेबल रिकामं होतं, वर पंखा, शेजारी पाण्याचा माठ. रंगखात्यात दोन माणसं खोकून खोकून कामातनं गेलेली मी बघितली होती, आणि मलाही सकाळी लाल थुंकी पडायची. ती रंगाची का आपली, हे कळायला मार्ग नव्हता. टेबल म्हणजे नाक मोकळं. बास, एवढीच माझी साहित्यसेवा.

घरी सांगितलं तर नाना पहिल्यांदा शेळीला सोडून थेट माझ्याशी बोलले. "लिहिणार? तू?"

"हा."

"फुलं तोडायला हात नाय, आणि पेन धरायला हाय? आरं, मशीन घेतो तो चालवायला घेतो. वाचायला घेतो का कोणी? तुला टेबलावर बसवतील, आणि चार महिन्यात टेबल विकतील."

आईनं तवा आपटला. म्हणजे तिचंपण तेच मत.

आता, एवढी वर्षं मशीनची पुस्तकं लिहून झाल्यावर, माझ्याकडं कॉलेजची पोरं येतात. मोबाइल पुढं करतात, "काका, टेक्निकल रायटिंगला स्कोप हाय का?" म्हणतात. मी म्हणतो, बाबा, आमच्या वडलांनी सगळ्यात आधी याचा सर्व्हे केलाय, शेळीला विचारून. मग ती हसतात आणि सांगतात की आता कॉम्प्युटरच लिहितो सगळं. लिहू दे की. त्याला कोण करपलेली भाकर वाढणार हाय?

तर पुस्तक. मी काय लिहिणार? मी रविवार कारंज्याकडं भालेरावांच्या छापखान्यात जाऊन बसायचो आणि बोलायचो, ते उतरवून घ्यायचे. भालेराव लग्नपत्रिका छापायचे. तोंडात पान, डोळ्यावर चष्मा, आणि माझ्याबद्दल मनात पहिल्या दिवसापासनं राग. "जरा माणसासारखं बोला," म्हणायचे, "हे 'मी मेलो' काय? मशीन असं बोलतं?" त्यांनी माझे सगळे विनोद काढले. कोरडंठाक करून ठेवलं. "टाकी रिकामी असताना पंप चालवू नये." झालं. पान चार. माझ्या पंपाची त्यांनी जी काय प्रेतयात्रा काढली ती मला बघवेना. पण टेबल डोळ्यापुढं होतं, म्हणून गप्प राहिलो. आणि सगळं जुळवून झाल्यावर भालेरावांनी मुखपृष्ठावर मधोमध गणपती ठेवला. रंगीत, सोनेरी मुकुटाचा, खाली 'श्री गणेशाय नमः'. मी म्हणलं, हे कशाला? तर म्हणाले, "माझ्या छापखान्यातनं आजवर गणपतीशिवाय कागद बाहेर गेला नाय. मयताच्या पत्रिकेचं सोडून. तुमची काय मयताची हाय का?" मी घाबरलो. राहू द्या म्हणलं. आणि खरं सांगायचं तर मला आवडलापण. आपल्या नावाचं पहिलं पुस्तक, वर गणपती. आईला दाखवलं तर तिनं हात धुतले, पदराला पुसले, मग पुस्तक डोक्याला लावलं. आत काय हाय ते तिनंपण उघडून बघितलं नाय. तेव्हाच माझ्या डोक्यात दिवा लागायला पाहिजे होता. पण तिथं वायरिंगच कच्चं.

टेबल मिळालं. आणि टेबलावर बसून मी पहिली दिवटी कामगिरी केली ती अशी, की माझ्या सख्ख्या मामाला मशीन घ्यायला लावलं. रामनाथमामा, आईचा थोरला भाऊ, निफाडच्या पुढं बाग. पांढरे कपडे, गळ्यात चेन, आणि माणूस असा की तो रस्त्यानं चालला तर रस्ता त्याच्या बापाचा वाटावा. आमच्या घराला तो 'फुलवाले' म्हणायचा, जशी काय ती शिवी हाय. मी म्हणलं, मामा, आमच्या शेठचं मशीन घ्या, पुस्तक मी लिहिलंय. मामा म्हणाला, "तू लिहिलंय? मग मशीन तरी दुसऱ्यानं बनवलं ना?" पण घेतलं.

पूजेला आम्ही सगळे गेलो. नानांनी चार डाली झेंडू नेला, मेव्हण्याकडं कमीपणा नको म्हणून. मशीनला हार, पंख्याला स्वस्तिक, नारळ फोडला, गावातली सगळी भावकी जमलेली, निम्मी जळायला आलेली. आणि मामाच्या डोक्यात आलं, लोकांना पंखा दाखवायचा. ट्रॅक्टर चालू केला आणि पंख्यापुढं झेंडूच्या पाकळ्या सोडल्या. काय सांगू तुम्हाला! पिवळ्या-केशरी पाकळ्या पार चिंचेच्या वर उडाल्या आणि सगळ्या गावावर पडायला लागल्या. पोरं नाचतायत, बाया पदर धरतायत, मामा दोन्ही हात वर करून उभा. "अजून सोडा!" एक डालं, दुसरं डालं, चारी डाली. आता त्या मशीनमध्ये पंखा आणि पंप एकाच दांड्यावर. पंखा फिरला की पंप फिरणार. आणि टाकी? पूजेच्या दिवशी औषधाच्या टाकीत पाणी कोण भरतो? कोरडी ठणठणीत. पान चार मी स्वतः लिहिलेलं, आणि पान चारच्या विरुद्ध जे काय चाललं होतं त्याला मी टाळ्या वाजवत होतो. माझ्या तोंडात पाकळ्या जात होत्या आणि मी थुंकून परत 'अजून सोडा' ओरडत होतो. शेवटी मामीनं पुस्तकाला हळद-कुंकू लावलं, वर एक फूल ठेवलं, आणि देवघरात नेऊन ठेवलं. मला भरून आलं. बघा म्हणलं, आपलं लिखाण कुठं जाऊन बसलं!

पुढं छाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आली, आणि नको त्या वेळी पाऊस पडला. द्राक्षात अशा पावसानंतर डावणी येते, म्हणजे बुरशी. दिवस मावळायच्या आत औषध गेलं तर बाग वाचते, नायतर घड जळून जातो. मामानं टाकी भरली, ट्रॅक्टर बागेत घातला आणि खटका दाबला. पंखा फिरतोय, पण नोझलमधनं नुसती लाळ गळतीय. पंपाची आतली सीलं त्या पूजेच्या दिवशीच जळाली होती. शेजाऱ्याचं मशीन मिळता मिळता दुसरा दिवस उजाडला. खालच्या अंगाची बाग गेली.

मामा जीपमध्ये पंप टाकून अंबडला आला. आला तो सरळ माझ्या टेबलावर. पंप दाणकन माझ्यापुढं ठेवला, पत्रा वाकला.

"हे तुझं मशीन, भडव्या?"

शेठ बाहेर आले. त्यांनी पंप उघडायला लावला, आत बघितलं आणि म्हणाले, "हा कोरडा चाललाय. पुस्तकात लिहिलंय, पान चार. गॅरंटी मिळणार नाय."

"कुठलं पुस्तक?"

"दिलेलं होतं ना तुम्हाला!"

"ते देवाचं? ते देवघरात हाय. औषधाच्या हातानं गणपती उघडू का मी? का ट्रॅक्टरवर ठेवू, पायाखाली यायला?"

"ते तुम्ही बघा." आणि शेठ माझ्याकडं वळले. "दत्तू, तू पूजेला होता ना? कोरडं चालवलं का नाय ह्यांनी? सांग."

मामा माझ्याकडं बघायला लागला. सगळं शेड हत्यारं खाली ठेवून बघायला लागलं. हो म्हणलं तर आईचं माहेर गेलं, नाय म्हणलं तर टेबल गेलं. आणि मी काय बोलावं? मी म्हणलं, "चालवलं. मीपण होतो. लिहिणाऱ्याला आठवलं नाय शेठ, तर वाचणाऱ्याला कसं आठवंल? पुस्तकच चुकलंय आपलं. पंप बदलून द्या."

मामानं मला तिथंच कानफटात मारली, 'चालवलं' म्हणल्याबद्दल. शेठनी दुसऱ्या बाजूनं शिव्या घातल्या, 'बदलून द्या' म्हणल्याबद्दल. एका वाक्यात दोन्ही पार्ट्या घालवणारा माणूस नाशिक जिल्ह्यात मीच. मामा पंप तसाच टेबलावर टाकून गेला. जाताना म्हणाला, "तुझ्या आईला सांग, भाऊ मेला."

मला वाटलं आता परत रंगखात्यात. पण शेठनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. शेठ असा चहा मागवतात तेव्हा माणसानं पळून जावं, पण मला ते कळत नव्हतं. म्हणाले, "दत्तू, तुझं पुस्तक लय कामाचं निघालं. आता कोणीपण मोडलं मशीन आणलं की पान उघडायचं आणि दाखवायचं."

"पण शेठ, ते कोणी वाचत नाय. गणपतीमुळं देवघरात ठेवतात."

"मग ठेवू दे की," शेठ म्हणाले. "वाचायला कोण सांगतंय? दिलंय एवढं बास. पुढच्या छपाईला गणपती अजून मोठा कर. पगाराचं बघतो मी."

म्हणजे बघा, माझी बढती झाली ती माझं लिखाण कोणी वाचत नाय म्हणून. आजपण मोठ्या मोठ्या कंपन्यांची पुस्तकं हातात येतात, मुंगीएवढी अक्षरं, आणि मला तो शेठचा चहा आठवून तोंड कडू होतं. हा धंदा निम्मा असाच हाय. पोरांनो, विचारता ना, म्हणून सांगतो.

घरी आईनं मला वाढायचं बंद केलं. करपलेली भाकर तरी वाढलेली असती तर बरं वाटलं असतं. ताटच नाय. नाना शेळीला म्हणाले, "सख्ख्या मामाविरुद्ध साक्ष देऊन आला. आता आपल्या दोघांचापण नंबर लागंल." मी ओट्यावर बसून कांदा-भाकर खायचो, स्वतःच्या हातानं थापलेली. ती भाकर शेळीनंसुद्धा हुंगून सोडली.

मग मी भालेरावांकडं गेलो. म्हणलं, दुसरी छपाई काढायचीय, गणपती काढा.

"काढणार नाय."

"मग तो आत घाला, शेवटच्या पानावर, लहान. पण वर मला असं काय तरी पाहिजे, ज्याला घाणेरडा हात लावायला कोणाला लाज वाटणार नाय."

भालेरावांनी चष्म्यातनं माझ्याकडं नीट बघितलं. पान थुंकले. आणि पहिल्यांदा माझ्यावर खूष झाले. "तुमचंच थोबाड टाकू," म्हणाले.

टाकलं. दात पुढं, कान बाहेर, फोटोवाल्यानं हसा म्हणलं होतं म्हणून रडल्यासारखा चेहरा. खाली मोठ्या अक्षरात: 'ह्याच्यावर हात पुसा, पण आत वाचा.' कोपऱ्याला भोक पाडून तार ओवली, मशीनला अडकवायला. आणि भालेराव खुशीत आहेत बघून माझा पंपपण परत आत घातला, "मला पाणी पाजा वो, नायतर मी मेलो!" गठ्ठे शेडमध्ये आले. शेठनी उघडले नाहीत. तेपण वाचणाऱ्यातले नव्हते. मशीनला बांधून पुस्तकं जायला लागली. शेठना कळलं ते एका गिऱ्हाईकानं फोन करून "तुमच्या माकडानं छान सांगितलंय" म्हणल्यावर. त्या दिवशी टेबलही गेलं आणि रंगखातंही गेलं. मला गेटच्या बाहेर काढलं, मागनं माझी चप्पल फेकली. एकच फेकली. दुसरी अजून तिथंच असंल.

आईला सांगितलं, तर ती इतक्या दिवसांनी बोलली. "हे थोबाड माझ्या भावाला दाखवून ये. तो घरात घेईल तर मी घेईन."

एसटीनं निफाडला गेलो. मामा बागेत होता. पिंपळगावच्या मिस्त्रीकडनं नवीन पंप बसवून घेतला होता, हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे. मला बघून पाना उचलला. मी लांबनंच पुस्तक पुढं केलं, कुत्र्याला बिस्कीट धरतात तसं. त्यानं घेतलं. चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दोन्ही हातांचं ग्रीस माझ्या तोंडाला पुसलं. छापलेल्या. आधी गाल, मग कपाळ, मग अंगठ्यानं एकेक डोळा. मनापासनं पुसलं. आणि एकदा हात लागल्यावर ते उघडलंच की त्यानं. ट्रॅक्टरच्या टायरला टेकून, एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागला, ओळीगणिक शिवी घालत. पान चारला जरा थांबला, घसा खाकरला, पुढं गेला. मी आपला उभा. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मी लिहिलेलं वाचत होतं, आणि मला लघवीला लागली होती.

"हे काय लिवलंय?" मामा म्हणाला. "पान सहा. 'पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघा, सैल असेल तर ताणून घ्या.'"

"मग? बरोबर हाय ते."

"मशीन चालू ठेवून, का बंद करून?"

मी वाकून ती ओळ परत वाचली. पट्टा फिरत असताना अंगठा घातला तर अंगठा राहत नाय. शेडमध्ये सगळ्यांना हे माहीत होतं, म्हणून ते लिहायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच. पहिल्या पुस्तकातपण हीच ओळ होती. ती गणपतीनं सांभाळली, कारण कोणी वाचलीच नाय. आता माझं थोबाड लावून, तार ओवून, वाचा वाचा म्हणून मीच ती गावोगाव पाठवली होती. ओझरला गेली होती, पिंपळगावला, पार दिंडोरीपर्यंत.

"किती गेलीत अशी?" मामानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला. खिशातलं पेन काढून माझ्या छातीवर मारलं, मग मोपेडची किल्ली.

"अंधार पडायच्या आत ओझरची गाठ, मग पुढं," म्हणाला. "एकाचा जरी अंगठा गेला ना दत्त्या, तर तुझा मी माझ्या हातानं कापीन. आणि आधी हे माझं नीट कर. लिही, मशीन बंद करून. मोठ्या अक्षरात लिही, गाढवा, मला चष्मा हाय."